एक ओळ सोडून

वंदना माझ्याकडे आली ती तक्रार घेऊन. अठ्ठ्याऐंशी सालचा नोव्हेंबर होता. ओसरीवरची सकाळची शिकवणी नुकतीच सुटली होती, पोरं दप्तरं उचलत होती, आणि ही दारात उभी. काखेत कागदाची जाड घडी. दोन्ही कडांना भोकं असलेला, लांबच लांब छापील कागद.

"गुरुजी, तुम्ही त्या मालतीले शिकवा बाप्पा. माझ्यानं नाही होत."

वंदना माझी जुनी विद्यार्थिनी. वडील जिनिंगमध्ये हमाल. पोरगी नागपूरला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून आली आणि आमच्या पांढुर्ण्याच्या संत्रा बागायतदारांच्या संस्थेत लागली. स्टेशनवर वॅगनमध्ये पेट्या चढवायला कोणत्या गावच्या कोणाची पाळी कधी, ही यादी आधी वहीत व्हायची आणि रोज भांडण व्हायचं. वंदनानं सी नावाच्या भाषेत त्याचा प्रोग्राम लिहिला. दोन हंगाम यादी मशीनमधून निघत होती. भांडणं थांबली नव्हती, पण कमी झाली होती.

आता तिला पुण्याच्या एका कंपनीचं पत्र आलं होतं. एक डिसेंबरला हजर व्हायचं. संस्थेचे सचिव भगवंतराव मात्र सोडायला तयार नव्हते. ऐन अंबिया बहाराच्या तोडणीत मशीन बंद पडलं तर पाहायचं कोणी? त्यांनी अट घातली: तिच्या जागी नव्यानं घेतलेल्या मालतीला प्रोग्राम सांभाळता आला पाहिजे. पंचवीस तारखेला ते कोणतातरी एक बदल सांगतील, तो तिनं एकटीनं करून दाखवायचा. नाही जमलं तर हंगाम संपेपर्यंत वंदनानं इथंच राहायचं. आणि कंपनी तोवर थांबणार नव्हती.

"तीन हप्ते झाले," वंदना म्हणाली. "रोज समजावून राहिली. रोज मान हलवते अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. ढ आहे ते."

चाळीस वर्षं शिकवल्यावर एवढं कळलं आहे की तीन आठवडे मान हलवणारं मूल ढ नसतं, भिडस्त असतं. मी चष्मा घेतला आणि निघालो.

संस्थेच्या मागच्या खोलीत मशीन होतं. बाहेर चपला काढायच्या, आत धूळ न्यायची नाही. मालती सायन्सची पदवीधर, सहा महिन्यांचा कॉम्प्युटर कोर्स केलेली, तिगाववरून रोज पॅसेंजरनं येणारी. मला पाहून उठून उभी राहिली.

"गुरुजी, मी ढ नाही वो," ती आधीच म्हणाली. म्हणजे तिला माहीत होतं.

"तू बस. मलाही सी येत नाही. आपण दोघं मिळून वाचू."

वंदनानं प्रोग्राम छापलेला तो कागद टेबलावर पसरला. मी वाचायला घेतला आणि पहिल्याच पानावर अडकलो. अक्षरांना अक्षरं लागलेली. एका ओळीत चार-चार आज्ञा, मधे मोकळी जागा नाही, कडेला समास नाही.

"हा एक्स सात कोण?"

"पेट्या," वंदना म्हणाली.

"आणि एक्स आठ?"

"त्याही पेट्याच. काल चढायच्या राहिलेल्या."

"हे मालतीला कसं कळावं?"

"मी सांगितलं नं तिले."

"असे किती एक्स आहेत?"

"बेचाळीस," मालती हळूच म्हणाली. "मी मोजले, गुरुजी. अन् टी हे एका ठिकाणी तारीख आहे, दुसऱ्या ठिकाणी टन."

तेवढ्यात भगवंतराव डोकावले. त्यांची सौंसर रस्त्याला संत्र्याची बाग. कागदाकडे बघून म्हणाले, "एवढी दाटी? वंदना, हे लावलं का फेकलं? यातून बैल कुठून जाईन?"

"कॉम्प्युटरले बैल नाही लागत, काका."

"वखरणाऱ्याले लागते नं. झाडं लावून तू चालली पुण्याले. मागं वखरन कोण?" आणि चपला घालून ते निघून गेले.

मी वंदनाला विचारलं, "इतकं दाटीनं लिहायचं काही कारण आहे का? फ्लॉपीत जागा कमी असते?"

"जागा आहे. अर्धीही नाही भरली. सवय आहे, गुरुजी. तुम्हीच तं लावली."

मला आठवलं. ती चौथीत होती. त्या वर्षी बाजारात वह्या मिळत नव्हत्या, आणि मिळाल्या तरी आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांना परवडत नव्हत्या. मी वर्गाला सांगितलं होतं, समास सोडायचा नाही, ओळ सोडायची नाही, छोट्यात छोटं लिहायचं. जो एका वहीत वर्ष काढील त्याला कंपासपेटी. ती वंदनानं जिंकली होती. तिची ती वही मी पुढची तीन वर्षं इतर पोरांना दाखवत होतो.

"त्या वहीतली गणितं मी तपासायचो," मी म्हणालो. "आणि मला ती वाचताना फार त्रास व्हायचा. तुला मी ते कधी सांगितलं नाही."

"खरंच?"

"खरंच. कागद नव्हता म्हणून तो नियम होता. कागद आल्यावर मी तो मागे घ्यायला पाहिजे होता. राहून गेलं."

वंदनानं कागदाची घडी केली, पुन्हा उलगडली. मग मालतीला म्हणाली, "कुठून सुरू करू सांग."

अकरा दिवस हातात होते. मी रोज दुपारी जाऊन बसायचो. माझं काम एकच, जिथं कळणार नाही तिथं विचारायचं. मला आणि मालतीला कळेपर्यंत वंदना पुढं जायची नाही.

आधी नावं बदलली. वंदनाला पेटीसाठी इंग्रजी बॉक्स हवं होतं.

"स्टेशनावर बॉक्स कोण म्हणते वो?" मालती म्हणाली. "आपण पेटी म्हणतो. पेटीच लिही."

तेव्हा रोमन अक्षरांत पेटी, पाळी, गाव असंच ठरलं. कालची राहिलेली पेटी म्हणजे 'शिल्लक पेटी'. नाव लांब झालं तरी चालेल, पण एका नावाचा अर्थ एकच. मग एका ओळीत एकच आज्ञा. जे दुसऱ्याच्या पोटात आहे ते चार घरं आत सरकवून लिहायचं, म्हणजे कुठं सुरू झालं आणि कुठं संपलं ते नजरेनंच कळतं. एक काम संपलं की एक ओळ कोरी. ती पहिली कोरी ओळ सोडताना वंदनाचा हात अडखळलेला मी पाहिला.

सगळा प्रोग्राम एकाच लांबलचक फाइलमध्ये होता. त्याच्या चार फायली केल्या: आवक भरायची एक, पाळी ठरवायची दुसरी, गावांची माहिती तिसरी, छपाई चौथी. आणि ज्या गोष्टी सगळ्यांना लागतात, वॅगनमध्ये पेट्या किती मावतात वगैरे, त्यांची एक वेगळी छोटी फाइल, बाकीच्या चौघींनी तिथूनच घ्यायचं. मालतीनं हे सगळं पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावलं. आधी काहीही बदललं की मशीन सगळा प्रोग्राम नव्यानं जुळवत बसायचं. आता बदललेली फाइल तेवढीच जुळवली की भागायचं. मालती आता मान हलवत नव्हती, भांडत होती. मला ते बरं वाटलं.

छपाईची फाइल शेवटी राहिली. चोवीस तारीख उजाडली होती. "ते चालून राहिलं आहे बरोबर," वंदना म्हणाली. "तिथं बदल कायले होईन? तसंच राहू दे." मीही थकलो होतो. राहू दिलं.

पंचवीसला सकाळी भगवंतराव आले. "रामाकोन्याचे लोक म्हणून राहिले की त्यांच्या गाड्या बारा वाजेपर्यंत पोहोचत नाहीत. सकाळची पाळी वाया जाते. त्यांना बारानंतरची द्या. वंदना, तू बाहेर. मालतीनं काही विचारलं अन् तू सांगितलं, तं पुणं विसर."

वंदना पायरीवर चपलांशेजारी बसली. मी तिच्याजवळ. आतून बटणांचा आवाज येत होता, कधी थांबत होता. पाऊण तासानं प्रिंटर चालू झाला, आणि वंदनानं माझा हात धरला.

मग आतून भगवंतरावांचा आवाज. "हे काय? रामाकोना अजून आठ वाजता!"

वंदना उठली. "छपाई," ती पुटपुटली. "छपाईत गावांची यादी मी..."

"बस," मी म्हणालो.

"गुरुजी, एका मिनिटाचं काम आहे."

"तिचं आहे."

ती बसली. डोळे पाण्यानं भरले होते. आत कागद उलटल्याचा आवाज येत राहिला. मग खिडकीतून मालती ओरडली, "वंदे! पाळीत बरोबर आहे, गावात बरोबर आहे, मंग हे छपाईत गावाची यादी दुसऱ्यांदा काऊन कोंबली तुनं? अन् हे पुन्हा एक्स नऊ! लाज नाही वाटत?"

"विचारायचं नाही ठरलं होतं!" भगवंतराव म्हणाले.

"विचारून नाही राहिली काका, शिव्या देऊन राहिली."

भगवंतराव हसले ते मला बाहेरून ऐकू आलं. पुन्हा बटणं वाजली. प्रिंटर चालला. थोड्या वेळानं ते कागद हातात घेऊन दारात आले, चष्मा वर करून त्यांनी खालपर्यंत वाचला. रामाकोना साडेबाराला होता.

"जा," ते वंदनाला म्हणाले. "पण त्या चौथ्या फाइलीत अजून दाटी आहे म्हणते ही."

"ते मी करते नं साफ," मालती आतून म्हणाली. "तुले करू दिलं तं पुन्हा एक्सच भरशीन."

सोडल्याचं पत्र मालतीनंच टाइप केलं. अठ्ठावीसला वंदना गाडीत बसली. जाताना तिनं मला जुन्या प्रोग्रामची ती जाड घडी दिली. "मागची बाजू कोरी आहे, गुरुजी. पोरांले गणितं करता येतीन."

दुसऱ्या दिवशी मी ते कागद फाडून ओसरीवर वाटले. पोरांनी पेन्सिली काढल्या आणि नेहमीसारखी अगदी वरच्या कडेपासून सुरुवात केली.

"थांबा," मी म्हणालो. "कडेला दोन बोटं जागा सोडा. आणि एक गणित झालं की एक ओळ सोडून दुसरं."

"कागद वाया जाईन नं, गुरुजी," पुढच्या रांगेतली नलिनी म्हणाली.

"जाऊ दे," मी म्हणालो. "मला वाचायचं आहे."