अर्धं इंजेक्शन

नमिता सुकट वाळत घालून घरात आली, तर सासूबाई ओट्याला टेकून जमिनीवर बसलेल्या. खारदांड्याच्या मासळी बाजारात अंजनाबाईंच्या आवाजापुढे कुणाचं चालत नसे, आज मात्र ओठ सुकलेले, धाप लागलेली, आणि त्या नमितालाच विचारत होत्या, "तू कोन गं?"

नमिताने धावत फोन घेतला. नवरा हितेश बोटीवर, फोन लागेना. तिने शेजाऱ्यांच्या मदतीने सासूला रिक्षात घातलं. "आई, डोळे मिटू नका, बोला काहीतरी!" ती वाटभर त्यांचे गाल थोपटत राहिली.

रुग्णालयात साखर खूप वाढलेली पाहून डॉक्टरांनी विचारलं, "इन्सुलिन बंद केलं होतं का?"

"नाही हो, रोज घेतात," नमिता म्हणाली.

संध्याकाळी अंजनाबाई शुद्धीवर आल्या. "अर्धंच घेत होते," त्या पुटपुटल्या. कर्ज मिळावं म्हणून हितेशने इन्कम टॅक्सचा रिटर्न भरला होता. कर काहीच बसला नव्हता, पण घरात रिटर्न भरणारा आहे म्हणून अंजनाबाईंची महिन्याची सरकारी मदत थांबली. इन्सुलिन त्यातूनच यायचं. "हितेशला सांगू नको. जिवाला लावून घेईल."

तेवढ्यात हितेशचाच फोन आला. नमिताला लपवणं जमलं नाही, रडत रडत तिने सगळं सांगून टाकलं.

 हितेश घाबऱ्या आवाजात म्हणाला, "आता तो रिटर्न मागे कसा घ्यायचा गं?"

 नमिताने सासूचा गार हात घट्ट धरला.