तेज आणि पॉलिशची चिंधी

लाकडाच्या वखारीवरच्या हॉलमध्ये त्या रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या, सतरंज्या संपल्या, मग लोक खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढून बसले. समोर तेजोबाबा. लोकांचं पाप जाळून द्यायचं हा त्यांचा उद्योग, आणि त्याला लागायचं ते फक्त छोटा पेलाभर अमृत. अमृत तपकिरी, गोडसर, लवंगेच्या वासाचं. लवंगेखाली आणखी एक वास यायचा, तो निम्म्या हॉलच्या चांगल्या ओळखीचा होता. पण ज्याचं मन अशुद्ध त्यालाच अमृताला दारूचा वास येतो, असं बाबांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. झालं. त्या दिवसापासून सगळ्यांची नाकं एकदम सात्त्विक झाली.

पेला रिकामा झाला की दहा मिनिटांत चमत्कार. काहीजणांची तोंडं लालबुंद व्हायची, मग कान, मग मान. बाबा बोट रोखून म्हणायचे, "बघा, पाप पेटलं. छाती धडधडतेय ना? ते पाप दार वाजवतंय, बाहेर सोडा म्हणतंय." ही लाली म्हणजे तेज. ज्याला तेज आलं तो पहिल्या रांगेत, आणि त्याला रोज तीन पेले घ्यायचा हुकूम. ज्याला आलं नाही त्याचं पाप फारच जुनं, म्हणून त्याने पुढच्या रविवारी परत यायचं. एकूण काय, पिण्यातून सुटका कुणाचीच नाही.

मागच्या भिंतीला टेकून ताई हे सगळं बघत होती. फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशचं काम तिच्या हाताखाली चालायचं, आणि मालकापासून हमालापर्यंत सगळे तिला ताईच म्हणायचे. तिचा सख्खा धाकटा भाऊ त्याच कारखान्यात सुतार. दारूपासून कायम चार हात लांब राहिलेला माणूस. एक घोट घेतला तरी त्याचं तोंड पेटायचं, म्हणून मित्रांच्या बैठकीत तो सरबत घेऊन कोपऱ्यात बसायचा आणि चेष्टा ऐकून घ्यायचा. बाबांनी त्याच तोंडाला तेज म्हटलं आणि त्याला सगळ्यांच्या पुढे बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याला पुढे बसवलं होतं. अशा माणसाला उठवायचं म्हणजे सोपं काम नाही.

दहा वर्षं तो इमानेइतबारे तीन पेले घेत होता. आणि गेला महिनाभर त्याचा घास घशाखाली अडकत होता. प्रत्येक घासामागे पाणी ढकलायचं, मध्येच थांबून छातीवर मूठ चोळायची. पापाची गाठ विरघळतेय, असं बाबांनी निदान केलं होतं. ताईला मात्र जुनं आठवत होतं. दोघा भावंडांचे वडील असेच पाण्याचा तांब्या जवळ घेऊन जेवायला लागले आणि सात महिन्यांत गेले. अन्ननलिकेचा कॅन्सर. वडीलसुद्धा ग्लासभर घेतली की लाल व्हायचे. तरी रोज घ्यायचे आणि घरचे हसायचे, की बघा, दिवा लागला.

ताईला खटकत होती ती वेगळीच गोष्ट. लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये कालवतात, आणि ते हातावरून कोपरापर्यंत ओघळू नये म्हणून पॉलिशवाले मनगटाच्या वर कापडाची चिंधी गुंडाळतात. ती चिंधी स्पिरिटने भिजते. काहीजणांच्या हातावर तिच्याखाली बांगडीसारखा लाल पट्टा उठतो, बाकीच्यांना काही होत नाही. पट्टा उठणाऱ्याला नाजूक कातडीचा म्हणून रंध्याच्या कामावर पाठवायचं, ही कारखान्याची जुनी रीत. तिच्या भावाला याच रीतीने सुतार केलं होतं. आणि आता पहिल्या रांगेतली कारखान्याची चार माणसं तिने मोजली, तर चारही तीच नाजूक कातडीची. पाप बरोबर तेवढ्यांच्याच पोटात कसं काय शिरलं?

सोमवारी ती दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या हसल्या. म्हणाल्या, दारू कुणाला सोसत नाही ते ओळखायला हे तर आम्हीसुद्धा करतो, फक्त चिंधी स्वच्छ वापरतो. मग नीट समजावलं. दारू पोटात गेली की शरीर आधी तिचं एक विष बनवतं, आणि लगेच दुसरं एक रसायन ते विष मोडून टाकतं. काहीजणांना हे दुसरं रसायन बनवणारा जीन आईबापांकडूनच कमजोर मिळतो. मग विष साचतं. त्यानेच तोंड लाल होतं, छाती धडधडते. स्पिरिट म्हणजे दारूतलंच अल्कोहोल, ते कातडीत मुरलं तरी तेच होतं, म्हणून चिंधीखाली पट्टा. तेच विष अन्ननलिकेच्या पेशींना आतून इजा करत राहतं. अशा माणसाने पिणं चालू ठेवलं, तर तिथल्या कॅन्सरचा धोका कैक पटींनी वाढतो.

"लाल होणं म्हणजे शरीर हात जोडून सांगतंय की मला हे देऊ नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "भावाला उद्याच घेऊन या."

भाऊ येतोय कसला. बाबांनी दवाखाना वर्ज्य सांगितला होता. तेव्हा पुढच्या रविवारी ताईच हॉलमध्ये गेली, दवाखान्यातलं स्पिरिट आणि कापडाच्या पट्ट्या घेऊन. तिने बाबांना वाकून नमस्कार केला आणि विनंती केली की तुमचं तेज माझ्या चिंध्यांमध्येही उतरलंय असं वाटतं, तपासू का? स्तुती म्हटल्यावर बाबा फसले. हो म्हणाले.

पहिल्या रांगेतले दहा आणि मागचे दहा, अशा वीस हातांना तिने ओल्या पट्ट्या बांधल्या. सात मिनिटांनी सोडल्या, आणखी दहा मिनिटं थांबली. मागचे दहाही हात कोरे. पुढच्या दहापैकी नऊ हातांवर लाल पट्टा. दहावा एक म्हातारा होता, तो म्हणे पहिल्या रांगेला पंखा असतो म्हणून गाल चोळून बसायचा.

"अमृत नाही, मंत्र नाही, कुणी काही प्यायलं नाही," ताई म्हणाली. "मग पाप काय यांच्या मनगटात होतं?"

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. श्रद्धेची परीक्षा घेऊ नये, वगैरे बाबांचं सुरू झालं. तेव्हा ताईने एक पट्टी उचलून त्यांच्यापुढे धरली, की तुमचाही हात द्या. बाबांनी हात शालीत ओढून घेतला. तो ज्या घाईने ओढला, ती सगळ्यांनी पाहिली. शेजारीच बाबांचा स्वतःचा पेला होता. भावाने उठून तो उचलला, वास घेतला, एक घोट घेतला. साधं पाणी.

"बाबा, तुम्ही का नाही घेत?" त्याने विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता. "तुम्हीही लाल होता ना?"

बाबांनी डोळे मिटले. ते समाधीत गेले. समाधीतून उठले ते थेट मागच्या जिन्याने.

मागच्या रांगेतले लगेच खूश, की आपलं तोंड लाल होत नाही म्हणजे आपल्याला मोकळीक. ताईने त्यांनाही सोडलं नाही. दारूने कॅन्सर सगळ्यांनाच होऊ शकतो, तुम्हाला फक्त आधी कुणी सांगायला येत नाही, एवढं तिने ऐकवलं. तेवढ्यात एक आजीबाई येऊन तिच्या पाया पडल्या आणि घरी पूजेला एक चिंधी मागू लागल्या. ताईने कपाळावर हात मारला.

मंगळवारी भावाच्या घशातून दुर्बीण घातली. अन्ननलिकेत गाठ होती. फार खोल गेलेली नाही, ऑपरेशन करता येईल, पण महिनाभर आधी आला असतात तर बरं झालं असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तो महिना त्याने पाप विरघळवण्यात घालवला होता.

दवाखान्याच्या बाकावर त्याने विचारलं, "ताई, एवढे लोक खरं मानत होते. मग मी एकट्याने शंका कशी घ्यायची?"

"एकट्यानेच घ्यायची असते रे," ती म्हणाली, आणि तिला रडू आवरलं नाही.

तुमच्याही घरात कुणी एका घोटात लाल होत असेल, तर हसू नका आणि हात जोडू नका. त्याच्या हातातला पेला काढून घ्या. घास अडकत असेल, तर त्याला आजच्या आज डॉक्टरकडे न्या.