शिवणाच्या खोलीतला राउटर

मित्रांनो, शिवणाच्या खोलीत रिळांच्या कपाटावर एक काळी, चपटी, दोन शिंगांची वस्तू बसलेली दिसते ना, तोच मी. मी एक जुना राउटर आहे. शिंगं मारायला नाहीत, सिग्नल पाठवायला आहेत. त्यातलं डावं जरा वाकडं आहे, कारण बाबा कामावरून आले की त्यावर आपली टोपी अडकवायचे. मला त्याचा कधीच राग आला नाही. संध्याकाळी टोपी आली की मला कळायचं, घरातली सगळी माणसं परत आली.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. माझ्यासारखे शेकडो भाऊ पट्ट्यावरून सरकत होते. एका बाईंनी माझं झाकण बसवलं, चार स्क्रू आवळले आणि मला वीज दिली. माझे पाचही दिवे एकदम लागले, तशा त्या हसून म्हणाल्या, "चला, हा पास!" मी ऐकलेलं ते पहिलं वाक्य. त्या आठवणीने मी आजही सुखावतो.

या घरात आलो तेव्हा माझा थाट काय सांगू! बाहेरच्या खोलीत, दाराशेजारी, मानाची जागा. घरात माणसं तीन. बाबा शाळेची बस चालवतात. आई रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. आणि बाबांची धाकटी बहीण, म्हणजे आत्या, घरी बसून लोकांचे कपडे शिवते. आता मी कोणाचा मुलगा नाही की भाचा नाही, पण मी त्यांना आई, बाबा आणि आत्याच म्हणतो. मला कोण अडवणार?

प्रयोगशाळेत प्रत्येक नळीला चिठ्ठी लावावी लागते. आईची ती सवय घरीही सुटत नाही. मिठाची बरणी, टॉर्च, बाबांची छत्री, सगळ्यांवर तिच्या गोल अक्षरातल्या चिठ्ठ्या. मला पहिल्याच दिवशी उलटं करून तिने माझ्या पोटावर पासवर्डची चिठ्ठी चिकटवली.

बाबा म्हणाले, "उद्या माझ्या कपाळावरही लावशील!"

"लावली असती," आई म्हणाली, "पण तुम्ही कुठे हरवत नाही ना."

माझं काम सोपं, पण जबाबदारीचं. घरातला फोन असो की टीव्ही, जागा झाला की तो आधी हाक मारतो, "मला पत्ता द्या!" मी त्याला एक आकड्यांचा पत्ता देतो आणि सांगतो, "बाहेरच्या जगाचा रस्ता माझ्या दारातून जातो, ये." सात वर्षं मी हे काम केलं. पाहुणे आले की बाबा कौतुकाने म्हणायचे, "आमचं नेट कधी म्हणजे कधी बंद पडत नाही." मी तेव्हा फुगून कपाटाएवढा व्हायचा तेवढा बाकी असायचो.

मग घरात नवं कनेक्शन आलं. त्याच्यासोबत नवा राउटर आला, पांढराशुभ्र, चार शिंगांचा. माझी वायर काढली आणि मला बुटांच्या खोक्यात टाकलं. शेजारी संपलेले सेल आणि एक तुटका चष्मा. त्या खोक्यात मी अकरा महिने काढले. खोटं कशाला सांगू, रडायला डोळे असते तर रडलो असतो.

पण माझे दिवस फिरले! आत्याची शिवणाची खोली घराच्या पार मागे, मध्ये जाडजूड भिंत. नव्याची चार शिंगंही तिथे पोहोचेनात. बाबांना माझी आठवण झाली. त्यांनी नव्यापासून माझ्यापर्यंत भिंतीच्या कडेने वायर ओढली, मला कपाटावर बसवलं आणि म्हणाले, "हा आता फक्त पुढचं नेट मागे पोहोचवेल."

हे ते आईला म्हणाले. मला कोणीच काही सांगितलं नाही. मित्रांनो, पुढचा सगळा गोंधळ इथूनच सुरू झाला.

मी आनंदाने जुनंच काम सुरू केलं. कोणी हाक मारली की पत्ता द्यायचा आणि माझं दार दाखवायचं. पण माझ्या दारातून बाहेर जाणारी वायर केव्हाच काढलेली होती; नव्याची वायर दुसऱ्याच भोकात खोचली होती! पुढच्या खोलीत नवाही पत्ते वाटत होता. ज्याचं उत्तर आधी येईल त्याचं ऐकायचं, अशी या फोनांची रीत. ज्याला नव्याचा पत्ता मिळायचा त्याची स्वारी सुखात. ज्याला माझा मिळायचा तो बिचारा बंद दारावर डोकं आपटायचा. त्याच्यावर आधी पाहून ठेवलेली पानं तेवढी उघडायची, नवी नाहीत.

त्यामुळे सकाळी आईचा फोन चालायचा, दुपारी रुसायचा. बाबांनी शोध लावला की खिडकीत एका पायावर उभं राहिलं की नेट येतं. कंपनीचा वायरवाला आला, नव्याला तपासलं, "आमच्याकडून सगळं ओके आहे, वेबसाइटच खराब असेल," म्हणाला आणि गेला.

बाबांकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध. बस अडली की बंद करून चालू, मिक्सर अडला की बंद करून चालू. ते नव्या राउटरचं बटण दाबायचे. नव्याला जागं व्हायला चांगली दोन मिनिटं लागतात. तेवढ्यात घरातल्या सगळ्यांच्या हाका माझ्याकडे यायच्या आणि मी तत्परतेने सगळ्यांना पत्ते देऊन टाकायचो. बाबा जितकं औषध देत होते, तितकं दुखणं वाढत होतं.

एरवी हे हसून सोडून देता आलं असतं. पण त्याच आठवड्यात आत्याचं नशीब पणाला लागलं होतं. एका नाटक मंडळीला पोशाख शिवणारी कारागीर हवी होती. बारा वर्षं आत्याने लोकांच्या पँटी आखूड केल्या, चेना बदलल्या. मनातले पोशाख मात्र ती रात्रीच्या जेवणाआधी तासभर, स्वतःसाठी शिवत राहिली. तिने अर्ज केला आणि उत्तर आलं: शुक्रवारी सकाळी अकरा वाजता व्हिडिओवर मुलाखत, आपल्या खोलीतून, आपलं काम आणि कामाची जागा दाखवत. असं बोलावणं तिला याआधी कधी आलं नव्हतं.

शुक्रवारी साडेनऊला आत्याने टॅबलेट उघडला. मंडळीचं पान अर्धवट आलं आणि थिजलं.

"वहिनी, गेलं गं पुन्हा!" तिने हाक मारली.

बाबा बटणाकडे धावले.

"थांबा! हात लावू नका," आई कडाडली. "आमच्याकडे रिपोर्ट उलटसुलट आले तर आम्ही मशीन बंद नाही करत. आधी नळ्यांच्या चिठ्ठ्या तपासतो."

तिने दोन फोन, टॅबलेट आणि टीव्ही, चौघांना रांगेत घेतलं. प्रत्येकाच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचा पत्ता वाचला, चिठ्ठीवर लिहिला, त्याच्याच पाठीवर चिकटवला. खाली लिहिलं, चालतो की नाही. मग कमरेवर हात ठेवून ती पाहत राहिली.

"हे बघा. जे चालतात त्यांच्या पत्त्यात तिसरा आकडा एक्केचाळीस. जे चालत नाहीत त्यांचा एक. म्हणजे आपल्या घरात दोघं जण पत्ते वाटतायत!"

तिघांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, त्या क्षणी मला कपाटामागे पडावंसं वाटलं.

आईने नव्याकडून येणारी माझी वायर उपटली, पुढच्या खोलीत जाऊन चौघांना पुन्हा नेटला जोडलं. सगळे एका झटक्यात चालू! परत येऊन बाबा ओरडले, "म्हणजे हाच घरभेदी! टाका याला भंगारात."

"दादा, तो गेला तर माझ्या खोलीत नेट कुठून येणार?" आत्या म्हणाली. "टॅबलेटला वायर लागत नाही. आणि हे कापायचं टेबल दारातून बाहेर निघत नाही, विसरलास? खोलीच्या आतच बनवलंय ते." घड्याळात साडेदहा झाले होते.

आईने मला उचललं आणि उलटं केलं. माझ्या पोटावरची चिठ्ठी इतकी वर्षं उजेडच न लागल्यामुळे जशीच्या तशी होती. आईने फोन माझ्याशी जोडला आणि चिठ्ठीवरचा पासवर्ड टाकून माझ्या मनात शिरली. 'पत्ते देणे: चालू' असं जिथे होतं, तिथे तिने 'बंद' केलं. मग नव्याची वायर परत माझ्यात खोचली.

आणि मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू! घरभर धावाधाव नाही, बंद दाराची लाज नाही. पुढून येईल ते आत्यापर्यंत नीट पोहोचवायचं, बस्स.

अकराला मुलाखत सुरू झाली. मंडळीच्या पोशाखप्रमुख बाई कडक होत्या. त्यांनी सांगितलं, "बाहेरून सगळेच छान शिवतात. आतली शिवण दाखवा." आत्याने स्वतःसाठी शिवलेला जांभळा झगा कोपऱ्यातल्या कपड्यांच्या पुतळ्यावरून काढला, उलटा केला आणि टॅबलेटसमोर धरला. आतली शिवणही बाहेरच्याइतकीच देखणी होती. एकेक टाका मी जिवाच्या कराराने पलीकडे पोहोचवला.

बाई म्हणाल्या, "सोमवारपासून येऊ शकाल?"

आत्या गप्प. पापणीसुद्धा हलेना.

दारात उभे असलेले बाबा कळवळले, "अडकलं! चित्र अडकलं परत!" आणि बटणाकडे निघाले. आईने मागून त्यांची कॉलर पकडली. "अहो, नेट नाही अडकलं. ती अडकलीये!"

तेवढ्यात आत्याच्या तोंडून "हो!" बाहेर पडलं, इतक्या मोठ्याने की पुतळासुद्धा हादरला असेल. पलीकडे त्या कडक बाई खळखळून हसल्या. मी तर आनंदाने सगळे दिवे लुकलुकवले.

मित्रांनो, जुन्या वस्तू फेकू नका, एवढंच सांगून मी थांबणार नाही. त्यांना ठेवून घेतलंत तर त्यांचं आता काय काम आहे, हेही त्यांना सांगा. माणसांनाही सांगा. न सांगता कोपऱ्यात बसवलेला जीव आपलं जुनंच काम मन लावून करत राहतो आणि मग सगळ्यांना वाटतं, याचंच काहीतरी बिघडलंय.

मला आता चुकायची भीती नाही. आईने माझ्या पाठीवर नवी चिठ्ठी लावली आहे: 'सिग्नल पोहोचवणे. पत्ते देऊ नयेत. भंगार नाही.' शेवटचे दोन शब्द बाबांच्या अक्षरात आहेत.

आत्या आता रोज सकाळी कामाला जाते. संध्याकाळी आली की गळ्यातली मापाची फीत काढून माझ्या वाकड्या शिंगावर अडकवते. तेव्हा मला कळतं, घरातली सगळी माणसं परत आली.