दाबेचा बाण

“पाय टेकवू नका!”

कुंटाचा उजवा पाय हवेतच थांबला. खाली फाटकाची लोखंडी पट्टी होती. तिच्या अलीकडे, चौकीच्या बाजूला, बोत्स्वाना; पलीकडे, कुंटा उभा होता तिकडे, नामिबिया. खांद्याला भाता, हातात गाढवाचा दोर आणि सत्तरीचा म्हातारा बगळ्यासारखा एका पायावर. चौकीवरची अधिकारी केदिबोने टेबलामागून उठून फाटकाशी येईपर्यंत तो जराही डुलला नाही.

“घ्या मागे, बाबा. भात्यात काय आहे?”

“एक बाण,” पाय मागे घेत तो म्हणाला. “विष लावलेला.”

“आणि गाढवावर?”

“ओरिक्स हरणाचं वाळवलेलं मांस. आमच्या बाजूला मारलं. परवाना आहे.”

केदिबोनेने कागद शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचला. ती अकरा वर्षे या चौकीवर होती. गेल्या हिवाळ्यात बंदुकीवरचा एक आकडा कागदाशी जुळला नाही म्हणून तिने एका बड्या शिकाऱ्याला त्याच्या तीन गाड्यांसकट परत धाडले होते. कुंटाच्या कागदात खोट काढायला जागा नव्हती.

“हा कागद या पट्टीपर्यंतच चालतो,” ती म्हणाली. “इकडे बाणाला वेगळा परवाना लागतो. आणि मांस तर वाळलेलंही येत नाही, गुरांना रोग लागतो. पाय टेकवला असता ना, तर मला गुन्हा नोंदवावा लागला असता. मांस जाळलं असतं आणि तुम्ही आत.”

“किती दिवस?”

“दिवस म्हणताय? वर्षं म्हणा.”

कुंटाने पट्टीकडे पाहिले आणि गाढवाला दोन पावले मागे रेटले.

परत पाठवलेल्या मालाची नोंद ठेवायची असते. केदिबोनेने फॉर्म काढला.

“बाण कोणाचा?”

“दाबेचा.”

“मांस?”

“त्याचंच. ज्याचा बाण त्याचं मांस.”

“मग तुमचं काय?”

कुंटाने विचार केला. “पाय,” तो म्हणाला.

दाबे अलीकडच्या वस्तीत राहायचा. बाण त्यानेच घडवून कुंटाला दिला होता. आता त्याचे गुडघे गेले होते, आणि सरहद्द ओलांडायला लागणारे कागद त्याच्याकडे कधीच नव्हते. दाबेने वाटे घातल्याशिवाय या मांसाला हात लावायचा नव्हता. कुंटाच्या वस्तीत सत्तावीस माणसे तीन दिवस वाट पाहत होती; रिवाजाने लगेच खायचा काळजाचा घास सोडला तर कोणी त्यातले काही तोंडात घातले नव्हते.

“दोन कोसांवर हत्तींनी कुंपण पाडलंय,” कुंटा म्हणाला. “येताना बघितलं मी.”

“मग तिकडून का नाही घुसलात?”

“चोरून आणलेलं मांस दाबेनं चारचौघांत कसं वाटायचं, पोरी?”

केदिबोनेने पेन खाली ठेवले. मग तिने नियमांचे पुस्तक उघडले. मांस अलीकडे येऊ शकत नव्हते, दाबे पलीकडे जाऊ शकत नव्हता. तिने पुस्तक दोनदा चाळले. पट्टीपलीकडे बोट दाखवायला मनाई कुठेच नव्हती.

पाण्याचा टँकर दाबेच्या वस्तीकडे निघाला होता. तिने ड्रायव्हरला निरोप दिला.

दुपारी दाबे टँकरमधून उतरला. केदिबोनेने आपली खुर्ची पट्टीच्या अलीकडे मांडून दिली. पलीकडे कुंटाने गोणपाटावर मांस पसरले.

“हे काय?” दाबे ओरडला. “या हाडांसाठी मला उठवलंस? उंदीर मारलास की काय?”

“उंदीर बरा होता,” कुंटा खुशीत म्हणाला. “हे नुसतं कातडं आहे. माझा नेमच फुटका.”

“नेम फुटका, डोळे फुटके. गाढवाची तरी लाज बाळगायचीस!”

शिकाऱ्याच्या डोक्यात हवा जाऊ नये म्हणून हे लोक चांगल्या मांसालाच नावे ठेवतात, हे केदिबोनेला ठाऊक होते. अशी तोंडभरून ठेवलेली मात्र तिने कधी ऐकली नव्हती.

मग दाबेने बोट उचलले. मान कुंटाच्या बहिणीला. फऱ्याचे मांस विधवा झालेल्या सुनेला. पाठ पोरांना. कुंटा एकेक वाटा वेगळा ठेवत गेला. बोट एकदाही अडखळले नाही आणि एकदाही स्वतःकडे वळले नाही.

“बाण?” शेवटी कुंटाने विचारले.

“राहू दे तुझ्याकडे. पुढच्या वेळी जनावर मार.”

एक पट्टा उरला होता. दाबेचे बोट केदिबोनेकडे वळले.

“तो या पोरीला.”

“मांस इकडे येत नाही, बाबा. तुम्हाला नाही, तर मलाही नाही.”

“मग तू जा तिकडे.”

मग टेबलाशी जाऊन तिने बाहेर जाणाऱ्यांच्या वहीत स्वतःचे नाव लिहिले, वेळ लिहिली आणि कारणाच्या रकान्यात ‘जेवण’ असे लिहिले. टोपी काढून वहीवर ठेवली.

“एक बाई येतेय,” तिने पलीकडच्या हवालदाराला हाक दिली. “शिक्का काढून ठेव.”

पासपोर्टवर शिक्का उमटल्यावरच ती गोणपाटाशी बसली आणि तुकडा तोंडात टाकला. दोन्ही म्हातारे तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. तिने सावकाश, शेवटपर्यंत चावले.

“बाबा,” ती कुंटाला म्हणाली, “याच्यापेक्षा माझा बूट मऊ आहे.”

कुंटाने समाधानाने मान खाली घातली. पट्टीच्या अलीकडून दाबेने गुडघ्यावर थाप मारली.

“पोरीला कळतं हं मांसातलं,” तो म्हणाला.