डेअरीच्या संगणकातला मुंजा

निरगुडसरच्या दूध डेअरीत संगणकाचा पासवर्ड बदलला होता आणि कीबोर्ड कपाटात ठेवला होता. तरीही सकाळी पडद्यावर पुन्हा अक्षरे उमटली : ‘मी मुंजा. वैजयंतीला हाकला.’

किटल्या खाली ठेवून लोकांनी हात जोडले. वैजयंती डेअरीची ऑपरेटर. तिच्या जागी आपला पुतण्या सूरज बसावा, ही भिमाजी भगताची इच्छा गावाला ठाऊक होती. मुंजाची इच्छाही नेमकी तीच निघाली.

“मदरबोर्डात बसलाय त्यो!” भिमाजीने संगणकावर अंगारा फुंकला. “खंडेनवमीला पुजल्यापून मशीन जागतं हाय. बंद केलं तर मुंजा गोठ्यात शिरंल. म्हशी आटतील.”

चेअरमन दादाभाऊ घाबरले. “वैजयंती, उद्यापून येऊ नको, पोरी.”

“का? मुंजानं अर्ज केलाय म्हणून?”

मंचरच्या महाविद्यालयात संगणक शिकवणारी समृद्धी दूध घालायला आली होती. तिने इंटरनेटची वायर उपटली. पडद्यावर उमटत असलेले नवे वाक्य ‘हाकला, न्हाईतर’ इथेच अडकले.

“भगत, मुंजाला वायर लागती व्हय?” मागून कोणीतरी विचारले.

“रुसलाय त्यो!”

“मग मशीनच बंद करू,” समृद्धी म्हणाली.

“हात लावू नका! म्हशी—”

“पयली माजी म्हैस आटू द्या,” म्हणत वैजयंतीने बटण दाबले.

संगणक बंद होऊन नव्याने सुरू झाला. समृद्धीने वायर पुन्हा जोडली. “बोलवा आता.”

भिमाजी घाम फुटेपर्यंत मंत्र पुटपुटला. पडदा कोराच राहिला. संध्याकाळी म्हशींनी नेहमीइतके दूध दिले आणि ते वैजयंतीनेच मोजून घेतले. पंचांनी खडसावल्यावर सूरजने सारे कबूल केले.

खंडेनवमीच्या पूजेत त्याने भजनांचा म्हणून एक पेनड्राइव्ह लावला होता. संगणकाचा सारा कारभार चालवणाऱ्या गाभ्याला कर्नल म्हणतात. त्यात सुरक्षेची एक फट होती. पेनड्राइव्हमधला प्रोग्रॅम यंत्र सुरू झाले की दरवेळी तिच्यातूनच शिरून सर्वाधिकार मिळवी, म्हणून पासवर्ड निरुपयोगी ठरला. अक्षरे सूरज चहाच्या टपरीवरून, मोबाइलवर लिही. फट बुजवणारा पॅच संगणकात केव्हाच उतरला होता. परंतु कर्नलचा असा पॅच यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यावरच लागू होतो. सूरजला हे ठाऊक होते, म्हणून त्याच्या सांगण्यावरून भगताने म्हशींची भीती घातली. ‘करून पाहू नका’ असे कोणी बजावले, तर का ते विचारा आणि उत्तर न मिळाल्यास जाणत्या माणसासमोर करूनच पाहा. निरगुडसरला मुंजा नव्हता. न बुजवलेली एक फट होती, आणि पूजलेले यंत्र बंद करायला भिणारे गाव तिची राखण करीत होते.