सुमित्राबाईंचा पासवर्ड

सुमित्राबाईंनी अंगठा पदराला पुसून पुन्हा फोनवर टेकवला. पासवर्ड मॅनेजर उघडला नाही. वर्षानुवर्षं सुई टोचून अंगठ्याची कातडी इतकी झिजली होती, की फोनला तो ओळखूच येईना. टेबलावर कापायचं रेशीम पसरलेलं, आणि तिकडे हुणसूरची वाणी नावाची गिऱ्हाईक लग्नाच्या ब्लाऊजचे फोटो कधी येतात म्हणून वाट बघत होती.

"बेडा गं मला हे, नको," त्या सुनेला म्हणाल्या. "पहिलंच बरं होतं."

पहिलं म्हणजे दुकानाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. बँकेला तेच, विजेच्या बिलाला तेच, आणि ज्या पानावर त्यांनी शिवलेल्या प्रत्येक नक्षीदार ब्लाऊजचा फोटो होता, त्या इंटरनेटवरच्या पानालाही तेच. अर्ध्या गिऱ्हाइकांना तो पासवर्ड पाठ होता. सून अदिती हूटगळ्ळीच्या एका कंपनीत संगणक-सुरक्षेचंच काम करायची. सासूबाईंचा पासवर्ड असा सगळ्यांना ठाऊक आहे हे कळल्यावर तिने एका रविवारी सगळे पासवर्ड बदलून मॅनेजरमध्ये ठेवले होते. लग्न होऊन ती पुण्याहून म्हैसूरला आली त्याला वर्ष होत आलं होतं, तरी सासूच्या स्वयंपाकघरात डबा उघडण्याआधी ती अजून विचारत असे.

आता तिने वाद घातला नाही. अंगठ्याऐवजी चेहरा दाखवून मॅनेजर उघडेल असं केलं. दर मिनिटाला बंद होणारा तो दुकानाच्या वेळेत बराच वेळ उघडा राहील, अशी सोय केली. एवढी सूट तिच्या ऑफिसात तिने कुणालाच दिली नसती. बदल्यात मुख्य पासवर्ड मात्र लांबलचक हवा, असं तिने सांगितलं. सुमित्राबाईंनी मराठी आणि कन्नड मिसळून एक अख्खं वाक्य रचलं आणि तिला तोंड फिरवायला लावून, स्वतःशीच हसत टाइप केलं.

दसऱ्याच्या आठवड्यात दुपारी अदितीला ऑफिसात फोन आला. सासूबाई फार हळू बोलत होत्या, म्हणजे फार रागावल्या होत्या. दुकानाचं पान संध्याकाळपर्यंत कायमचं बंद होणार, लगेच पासवर्ड भरा, असा निरोप आला होता. निरोपातली लिंक सासूबाईंनी उघडली, आणि मॅनेजर पासवर्ड भरेना. त्यांना स्वतःला तो पाठ नव्हता. माझ्याच दुकानाबाहेर तू मला ठेवलंस, असं त्या म्हणाल्या.

काही करू नका, एवढं सांगून अदिती स्कूटर काढून निघाली. दुकानात शिरताच तिने सासूबाईंचा फोन हातात घेतला, पानाचा वरचा पत्ता एकेक अक्षर करून वाचला आणि खुर्चीत बसली.

"आई, हे आपलं पानच नाही. नावात एक अक्षर जास्त आहे. घाईत मलाही दिसलं नसतं. पण मॅनेजर पत्ता जुळवून बघतो. जुळला नाही, तर पासवर्ड भरत नाही."

"म्हणजे मी चोराच्या हातात द्यायला निघाले होते?"

"हो."

"आणि त्यानं दिलं नाही."

सुमित्राबाई हसायला लागल्या. चष्मा नाकावरून घसरेपर्यंत हसल्या. मग त्यांनी समोरून कॉफी मागवली आणि सुनेला त्या दिवशी ऑफिसात परत जाऊ दिलं नाही.

संध्याकाळी घरी त्यांनी विचारलं, आपण उद्या आजारी पडलो तर हे सगळं उघडणार कोण? एका माणसाचं नाव आधीच देऊन ठेवता येतं, अदिती म्हणाली. त्याच्या फोनवर तसा निरोप जातो, आणि वेळ आली तर त्याला सगळं उघडता येतं. तुम्ही तुमच्या मुलाचं, शशांकचं द्या. नाव कुठे भरायचं ते दाखवून ती दूध तापवायला गेली.

बाहेर शशांक फोन बघत बसला होता.

"अम्मा, मला काहीच आलं नाही गं."

"येणार नाही," सुमित्राबाई म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवू लागल्या.

ओट्यावर अदितीचा फोन थरथरला. सुमित्राबाईंनी विश्वासू व्यक्ती म्हणून तुमची निवड केली आहे, असं त्यावर लिहिलं होतं. मान्य आहे का, असा खाली प्रश्न होता.

"दूध बघ गं," बाहेरून आवाज आला. "उतू जाईल."

अदितीने आधी 'हो' दाबलं. मग गॅस बारीक केला.