सयाजीमामांचा हात आणि माझ्यातला खळगा

मित्रांनो, मी ग्रॅनाइटचा एक जाडजूड काळा ओटा आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका कारखान्यात गेली एकवीस वर्षं माझा मुक्काम आहे. घासून तयार झालेला लोखंडी भाग सपाट आहे का, हे माझ्यावर ठेवून तपासतात. मला सरफेस प्लेट म्हणतात.

या कामाला दगडच का? माझे कण एकमेकांत घट्ट गुंतलेले आहेत, म्हणून मी सहजी झिजत नाही. मला गंज चढत नाही. उन्हाळ्यात लोखंडापेक्षा मी कमी फुगतो. काही आपटलं तर लोखंडाला उंचवटा येतो, माझा नुसता टवका उडतो. बाकी अंग सपाटच राहतं. वजन मी भरपूर पेलतो, मात्र वाकवलं तर तुटेन. म्हणून मला भक्कम टेकूंवर बसवलं आहे.

सुरुवातीला मला रोज मऊ कापडाने पुसत. पुढे हयगय झाली. घासकामाची धूळ तशीच राहू लागली आणि प्रत्येक भाग माझ्या मधोमधच फिरू लागला.

गेल्या वर्षी तपासणीला जयसिंगपूरची त्रिशला आली. तिने आमचे जुने कामगार सयाजीमामा यांनी मशिनवर घासलेली पंपाची झाकणं एकामागून एक नापास केली. झाकण माझ्यावर ठेवलं की त्याखाली फट तपासायची पातळ पत्ती सरकत होती, म्हणजे ते सपाट नव्हतं. मामांची या कामात चौतीस वर्षं गेलेली. तरी मालकांनी त्यांना पॅकिंगला बसवायचं ठरवलं.

मामा माझ्यापाशी उभ्या असलेल्या त्रिशलाकडे आले. "ताई, माझा हात चुकल्याला न्हाय."

"मग पत्ती आत कशी जाते, मामा?"

"त्येच झाकाण जरा कडंला ठिवून बघा की."

तिने ठेवलं. पत्ती जाईना. पुन्हा मधोमध ठेवलं, तर सरकन गेली.

त्रिशलाने माझ्यावरून हळूच हात फिरवला. "दगडच झिजलाय, मामा. आणि मी तुम्हाला दोष दिला."

"आमीबी त्याला कवा पुसला न्हाय," मामा म्हणाले.

मला फार वाईट वाटलं. मी नकळत एका भल्या माणसाविरुद्ध खोटी साक्ष दिली होती.

मग एका कारागिराने दोन दिवस घासून मला पुन्हा सपाट केलं. मामांची सगळी झाकणं पास झाली आणि ते आपल्या मशिनवर परतले. आता त्रिशला मला रोज पुसते.

मित्रांनो, मोजायच्या वस्तू जपा, अधूनमधून त्यांचीही परीक्षा घ्या. आणि माझ्यासारख्या दगडाच्या शब्दावर कुणाला नापास करण्याआधी, त्या माणसाचं एकदा ऐकून घ्या.